वाळूच्या घड्याळाची धार बारीक का होत नाही?

प्रश्न: टाकीतलं पाणी कमी झालं की नळाची धार मंदावते, मग वाळूच्या घड्याळात वरची वाळू संपत आली तरी ती त्याच वेगाने कशी पडत राहते?

उत्तर: पाण्यात वरचं सगळं वजन प्रेशर बनून तळाशी पोचतं, वाळूत तसं होत नाही. कण एकमेकांना रेटतात, तो रेटा आडवा भिंतीवरही जातो आणि भिंतीशी होणारं घर्षण बरंचसं वजन तिथल्या तिथेच पेलून धरतं, त्यामुळे एका उंचीनंतर वरून कितीही ओता, तळाला फारसा पत्ताच लागत नाही. जर्मन इंजिनिअर यान्सेनने 1895 मध्ये धान्याच्या कोठारांसाठी हे मोजून दाखवलं.

पण हे अर्धंच उत्तर झालं हां. खरा खेळ भोकापाशी आहे. कण एकमेकांच्या कचाट्यातून सुटून मोकळे पडायला लागतात ते भोकाच्या जेमतेम वर, भोकाच्या रुंदीएवढ्या उंचीवरून, म्हणून वेग ठरतो तो भोकावरून, वरच्या ढिगावरून नाही. भोक दुप्पट रुंद केलं तर धार दुप्पट नाही, चौपटही नाही, साडेपाच पटीहून जास्त होते!

उलट भोक कणाच्या चार-पाच पटीहून लहान असेल तर कण अडकून आपोआप कमान तयार होते आणि सगळं ठप्प. टिचकी मारली की परत चालू, थोड्या वेळाने परत ठप्प.