नव्यानेच कोंबड्या पाळल्या आहेत. एका कोंबडीची पिसं गळून मान उघडी पडलीय, अंडीही बंद. हा रोग आहे का? कोणतं औषध द्यावं?

औषध आत्ता काहीच देऊ नका. आणि घरात कुणी "ही कामातून गेली, हिला कमी करा" असं म्हणत असेल तर त्याचं तर मुळीच ऐकू नका.

कोंबडीचं वय तुम्ही लिहिलेलं नाही, ते आधी आठवा. दीडेक वर्षाची असेल, दिवस लहान होत चालले असतील आणि गळती डोक्याकडून मानेवर, तिथून छाती-पाठीवर अशी उतरत असेल, तर ती जुनी पिसं टाकून नवी घेतेय, एवढंच. पहिली मोठी पीसगळ साधारण 15 ते 18 महिन्यांच्या वयात येते, मग दरवर्षी. बहुतेकींना त्यात दोन-तीन महिने जातात.

हे इतक्या ठामपणे सांगतेय कारण यावरून आमच्या घरात मोठा वाद झालाय. माझ्याकडे एक तांबूस कोंबडी होती. बाकीच्यांची पिसं कधीच गळायला लागली होती, काहींची उगवूनही आली होती, तरी ही आपली अंडी देतच होती. मग एकदम थांबली आणि बघता बघता अंगावरची सगळी पिसं उतरली. शेपूट गेली, मान गेली, तुरा आक्रसला. खुराड्यात पिसांचा असा खच पडला की कुणी जनावर शिरलं होतं की काय असं वाटावं. थोरले भावोजी आले, तिला बघितलं आणि निकाल देऊन मोकळे झाले: रोग लागलाय, बाकीच्यांना लागायच्या आत कापून टाका. निदान दाणा तरी तोडा, अंडी देत नाही तर फुकट कशाला खायला घालायचं? ठेवायचीच तर ती पांढरी ठेवा, बघा कशी चकचकीत आहे.

ती पांढरी सगळ्यांच्या आधी पिसं गाळायला बसली होती आणि चार-चार पिसं टाकत महिनोन्महिने रेंगाळत होती. अंगावर कुठे उघडं दिसलं नाही म्हणून ती चकचकीत, आणि तेवढ्या काळात अंडी मात्र नाहीत. जी कोंबडी उशिरा आणि झपाट्याने पिसं टाकते तीच सहसा अंड्यांना चांगली असते. पंख उघडून बघा: टोकाकडच्या 10 मोठ्या पिसांपैकी दोन-तीन एकदम गळून एकाच उंचीची नवी येत असतील तर कोंबडी जातिवंत. एकेक करून पडत असतील तर ती रेंगाळणारी. कळपातली सगळ्यात केविलवाणी दिसणारी कोंबडी बऱ्याचदा सगळ्यात कष्टाळू असते, हे मी भावोजींना तोंडावर सांगितलं. तिला कापू दिलं नाही आणि दाणाही तोडू दिला नाही. नवी पिसं आल्यावर तिने पुन्हा नेमाने अंडी दिली. पांढरीचं रडगाणं पुढच्या वर्षीही तेच.

दाणा तोडण्याइतका वाईट सल्ला दुसरा नाही. पीस म्हणजे जवळपास सगळं प्रथिनच, 85 टक्क्यांच्या वर. अंड्यालाही प्रथिन लागतं. दोन्ही एकदम जमत नाही म्हणून ती अंडी थांबवते. नेहमीच्या लेयर खाद्यात (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) 16-17 टक्के प्रथिनं असतात, या काळात 18 ते 20 टक्क्यांचं खाद्य द्या. नुसत्या मक्यावर ठेवू नका, मक्यात प्रथिनं जेमतेम 8-9 टक्के. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, लागेल तेवढा ती घेईल. आणि तिला सारखी उचलून बघू नका. नवी पिसं काट्यांसारखी वर येतात तेव्हा त्यांच्या आत रक्त असतं. दाबली की दुखतात, मोडली की रक्त येतं, आणि रक्त दिसलं की बाकीच्या टोचायला धावतात.

आता, प्रत्येक गळती अशी निरुपद्रवी नसते, तेही सांगते. फक्त पाठ आणि मानेचा मागचा भाग उघडा असेल तर कोंबडा बघा. एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या नसतील तर त्याच त्या बिचाऱ्या सोलून निघतात. पिसं मुळातून न जाता मोडून खुंट राहिले असतील, तर कोंबडा नाहीतर आपसातली टोचाटोची. टोचाटोची असेल तर जागा वाढवा. छातीखालची पिसं स्वतःच उपटलेली आणि अंडी घालायच्या पेटीतून उठत नसेल तर ती खुडूक आहे, म्हणजे अंडी उबवायला बसलीय. शेपटीखाली पिसांच्या बुडाशी पांढरट गठ्ठे दिसले तर त्या उवांच्या लिखा. लाल माइट, म्हणजे रक्त पिणारा बारीक किडा, दिवसा अंगावर सापडत नाही, रात्री बॅटरी घेऊन बसायच्या दांड्यांच्या फटी बघा. उवा-माइटवरचा उपाय एकदाच करून थांबू नका, त्यांची अंडी फुटून पुढची पिढी येते तेव्हा तो पुन्हा करावा लागतो. कोंबडी वर्षाच्या आतली असेल, मलूल असेल, खात नसेल किंवा हगवण असेल तर मात्र पशुवैद्यांना दाखवा. मनाने अँटिबायोटिक देऊ नका, त्याने पिसं उगवत नाहीत.

आणि कोणती कोंबडी ठेवायची याचा निर्णय घ्यायचाच असेल तर तो पिसं गळताना घेऊ नका. कळप अंड्यावर असताना तिला हातात घ्या. शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये दोन-तीन बोटं बसत असतील, मागचं द्वार ओलसर आणि मोठं असेल, पिवळ्या पायांच्या जातीत पायांचा पिवळेपणा उतरला असेल, तर ती अंडी देतेय. एवढं तपासून मग बोला, हे मी भावोजींनाही सांगितलंय.