असल्या आजारावर मुलीनं संशोधन करावं का?

नमस्कार,

तुमची मुलगी बीएस्सी बायोटेक्नॉलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या, कॅन्सरभोवतीच्या आधारपेशींवर संशोधन करायचंय आणि तिनं बँकेच्या परीक्षा द्याव्यात असं तुम्हाला वाटतं. तिचे गुण पुरेसे आहेत, त्यांची काळजी सोडा. मला अस्वस्थ केलं ते तुमच्या या वाक्यानं: ‘मुलीच्या जातीनं पुरुषांच्या असल्या आजारावर काम करायचं, तर उद्या बघायला येणाऱ्यांना काय सांगायचं?’

त्याच पत्रात थोडं खाली तुम्ही लिहिलंय, की तुमच्या थोरल्या भावाला हाच कॅन्सर झाला होता. लघवीचा त्रास त्यांनी घरात कित्येक महिने सांगितला नाही आणि निदान झाल्यावरही नातेवाइकांना ‘किडनीचं दुखणं’ असंच सांगण्यात आलं. ज्या संकोचापायी ते वेळेवर डॉक्टरकडे गेले नाहीत, तोच संकोच तुम्ही आता मुलीच्या शिक्षणाच्या आड आणताय. काकांचं आजारपण पाहूनच तिनं हा विषय धरला असेल का? तिला विचारलंत कधी? एवढ्या लांबलचक पत्रात तिचं म्हणणं एका ओळीतही नाही. बघायला येणाऱ्यांना सरळ सांगा, मुलगी कॅन्सरवर संशोधन करते. हे ऐकून जे अवघडतील, त्यांच्या घरी तिला देऊच नका.

‘रोग कॅन्सरच्या पेशीत असतो, मग आजूबाजूच्या पेशी बघून काय मिळणार?’ हा तुमचा प्रश्न मात्र रास्त आहे, कारण पुष्कळांचा असाच समज असतो. १९९९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रोस्टेटच्या ज्या पेशी बिघाडाच्या वाटेवर होत्या, पण स्वतःहून गाठ करत नव्हत्या, त्या त्यांनी फायब्रोब्लास्ट या आधारपेशींबरोबर उंदरांत वाढवल्या. फायब्रोब्लास्ट निरोगी प्रोस्टेटमधले असले, की गाठ होत नव्हती. तेच कॅन्सरच्या गाठीतून घेतलेले असले, की मोठ्या गाठी वाढल्या. म्हणजे शेजारच्या पेशी नुसत्या बघ्या नसतात. त्या वाढीचे संदेश सोडतात, पेशींभोवतीची प्रथिनांची जाळी बदलतात. काही आधारपेशी तर उलट गाठीला आवर घालतात असंही दिसलंय. कुठल्या पेशी कधी कोणत्या बाजूला जातात, हे अजून पुरतं उलगडलेलं नाही. तुमच्या मुलीला काम आहे ते इथे.

त्यासाठी एमबीबीएस लागत नाही. एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम किंवा गॅट-बी या परीक्षा, पुढे पीएचडीसाठी सीएसआयआर-नेट ही परीक्षा. खारघरचं ॲक्ट्रेक हे टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र आणि पुण्याचं एनसीसीएस हे पेशीविज्ञान केंद्र, या संस्था तिनं नजरेसमोर ठेवाव्यात. पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात, जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये मिळतात आणि नंतर कायमच्या जागा थोड्या आहेत. हे तिला स्पष्ट माहीत हवं. एमएस्सीच्या प्रकल्पात तिनं पेशी वाढवण्याचं काम स्वतः करून बघावं. सुट्टीच्या दिवशीही पेशी ज्यात वाढतात ते पोषक द्रव बदलायला जावं लागतं. तेही आवडलं, तर पुढे जावं.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही ५८ वर्षांचे आहात, रात्री तीन-चारदा उठावं लागतं असं लिहिलंय. अनेकदा हे वयानुसार प्रोस्टेट वाढल्यानं होतं. पण सख्ख्या भावाला हा कॅन्सर झालेला असेल, तर आपला धोका साधारण दुप्पट असतो. या आठवड्यातच युरॉलॉजिस्टकडे जा, भावाचा आजार नाव घेऊन सांगा आणि पीएसए या रक्तचाचणीबद्दल विचारा. करिअरचं बोलणं त्यानंतर करू, आणि त्या वेळी पत्र मुलीनं लिहावं.