दिवसभर झोप, रात्रभर जागरण: सासूबाईंना झोपेची गोळी द्यावी का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आम्ही चोपडा तालुक्यातले. सासूबाई ७६ वर्षांच्या, त्यांना डिमेन्शिया, म्हणजे विसरण्याचा आजार आहे. आमचं घर धाब्याचं, मधल्या खोलीत दिवसापण अंधार, त्या तिथेच पडून असतात. दिवेलागण झाली की मात्र चुळबुळ सुरू, "माले घर जानं शे" म्हणत गाठोडं बांधतात, रात्री दोनला उठून कडी काढतात. मिस्टरांना पहाटे केळीच्या बागेत जायचं असतं, कोणाचीच झोप होत नाही. गल्लीतले म्हणतात बाहेरचं काहीतरी असेल. झोपेची गोळी सुरू करू का?

उत्तर: ताई, बाहेरचं काही नाही, आणि त्या मुद्दामपण करत नाहीयेत. मेंदूत झोप-जागेचं घड्याळ असतं, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, ते रोज उजेडाने लावून घ्यावं लागतं आणि डिमेन्शियात तेच कमजोर होतं. त्यात वयाने डोळ्यातलं भिंग जुन्या प्लास्टिकसारखं पिवळं पडतं, म्हणजे घड्याळाला लागतो तो निळसर उजेड आत कमीच पोचतो, मोतीबिंदू असेल तर आणखी कमी. आणि एका बल्बच्या खोलीत उजेड असतो शंभर लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपास, कधी त्याहूनही कमी, बाहेर झाडाच्या सावलीतसुद्धा हजारो. म्हणजे सासूबाईंना दिवस उजाडलेला कळतच नाही हो!

म्हणून गोळीच्या आधी उजेड. सकाळी सात ते साडेआठ ओट्यावर नाहीतर अंगणात लिंबाखाली खुर्ची टाका, चहा तिथेच द्या, शेंगा सोलायला द्या, सूर्याकडे बघायची काहीच गरज नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ वर जातो तेव्हा ऊन तापायच्या आत घरात घ्या, पण मग मधल्या खोलीत नको, खिडकीजवळ बसवा आणि पांढरी ट्यूब चालू ठेवा. दुपारची झोप अर्धा तास, बस.

याने जादू होईल असं मी म्हणणार नाही. नेदरलँड्समधल्या १२ वृद्धनिवासांत १८९ जणांवर एक अभ्यास झाला, २००८ साली छापून आला, तिथे दिवसभर साधारण १००० लक्सचे दिवे ठेवले तर उदासी कमी झाली आणि स्मरणशक्तीची घसरण थोडी मंदावली. थोडीच. बाकीच्या अभ्यासांचे निकाल संमिश्र आहेत, पण अंगणात बसवायला पैसे लागत नाहीत आणि त्रासही नाही, त्यामुळे मी तरी हे आधी करायला सांगते.

संध्याकाळी अंधार पडायच्या आधीच दिवे लावा, सावल्यांनी त्या घाबरतात. चारनंतर चहा नको. घरी जायचं म्हणाल्या तर "हेच तुमचं घर" असा वाद घालू नका, "जाऊ ना, आधी जेवून घेऊ" म्हणा आणि माहेरच्या गोष्टी काढा. रात्री मोरीच्या वाटेवर फक्त झिरोचा पिवळा बल्ब.

झोपेची गोळी मेडिकलमधून परस्पर आणून अजिबात देऊ नका, या वयात तोल जाऊन खुबा मोडतो, गोंधळ उलट वाढतो. बीपीसाठी लघवी होणारी गोळी संध्याकाळी चालू असेल तर सकाळी घेता येईल का ते डॉक्टरांना विचारा, मोतीबिंदूही तपासून घ्या. आणि हे सगळं दोन-चार दिवसांत एकदम वाढलं असेल तर थांबू नका, लघवीचं इन्फेक्शन असू शकतं, लगेच दाखवा.

तुमच्या झोपेचं काय, ते पत्रात तुम्ही लिहिलंच नाही. मिस्टरांशी बोलून रात्रीच्या पाळ्या लावा, नणंद-जाऊ जवळ असतील तर त्यांनाही घ्या, आणि फार थकायला झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात.