प्रामाणिक अधिकारी अकाली गेला तर त्याचा सन्मान कसा करावा, चौकाला नाव द्यावं की पुतळा उभारावा?

चौकाला नाव द्या नाहीतर देऊ नका, मला फरक पडत नाही. दोन वर्षांत त्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स लागतोच. पण प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

मी रेशन-रॉकेलचं काम बघणाऱ्या पुरवठा शाखेत कारकून होतो, तालुका सांगत नाही. 25 जानेवारी 2011 ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ पानेवाडीला रॉकेल ओतून भर दिवसा जाळलं. तिथे तेल कंपन्यांचे डेपो आहेत, ढाब्याजवळ टँकरमधली भेसळ दिसली म्हणून साहेब थांबले, एवढाच गुन्हा. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे झेंडावंदन झालं आणि चहा घेताना आमचे साहेब काय म्हणाले, तर "एकट्याने कशाला जायचं, पोलीस घेऊन जायचं ना." मेलेल्याचीच चूक! 27 तारखेला राज्यभर सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवलं, तेव्हा हेच साहेब काळी फीत लावून सगळ्यात पुढे.

मग आम्ही कारकुनांनी पन्नास-पन्नास रुपये काढून सोनवणे साहेबांचा फोटो फ्रेम करून शाखेत लावला, रॉकेलचं साठा रजिस्टर ज्या टेबलावर असायचं बरोब्बर त्याच्या वर. आणि चार दिवसांनी त्याला हार घेऊन कोण आलं, तर आमच्याच तालुक्यातला एक अर्धघाऊक रॉकेलवाला! ज्याचा साठा कधी रजिस्टरशी जुळला नाही. रेशनचं रॉकेल ओळखू यावं म्हणून निळं करायचे आणि भाव तेव्हा डिझेलच्या निम्म्याहून कमी, म्हणजे ते डिझेलमध्ये मिसळून पैसा कुठे जायचा हे शाखेतल्या शिपायालाही माहीत. मी म्हटलं, साहेब हा हार नको. तर म्हणे, "अरे चंदनाचा आहे, पाचशेचा तरी असेल, हाराला काय जात असते का?" आमची तिथेच जुंपली. महिन्याभरात माझं टेबल बदललं, मी आवक-जावकला.

तीन-चार वर्षांनी रंगकाम निघालं तेव्हा तोच फोटो लोखंडी कपाटामागे सापडला, काचेला तडा, मागचा पुठ्ठा उंदरांनी कुरतडलेला, हार मात्र तसाच. कोणी काढून ठेवला विचारलं तर कोणालाच माहीत नाही.

म्हणून सांगतो, सन्मान करायचाच असेल तर माणूस ज्या कामात गेला ते काम कुठवर आलं ते बघा. इंडियन ऑइलचा मंजुनाथ षण्मुगम, 2005 साली उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरीला मारला, कारण पंपावरची भेसळ पकडली. त्याच्या आयआयएमच्या मित्रांनी ट्रस्ट काढला आणि नुसत्या मेणबत्त्या लावून थांबले नाहीत, केसच्या मागे लागले, 2015 मध्ये सुप्रीम कोर्टात जन्मठेप कायम होईपर्यंत. दहा वर्षं! याला म्हणतात श्रद्धांजली. हायवेच्या कामातला घोटाळा कळवणारा सत्येंद्र दुबे, त्याने पंतप्रधान कार्यालयाला लिहिलं की माझं नाव गुप्त ठेवा, तरी नाव फुटलं आणि 2003 ला गयेत गोळी घातली. आयआयटी कानपूर त्याच्या नावाने पुरस्कार देते, चांगलंच आहे, पण आज तुमच्या तालुक्यात कोणी तक्रार केली तर त्याचं नाव किती वाजेपर्यंत गुप्त राहतं ते आधी बघा.

तुमचे अधिकारी कोण, कसे गेले हे तुम्ही लिहिलेलं नाही. आजारपणाने किंवा अपघातात गेले असतील तर माझं अर्धं म्हणणं लागू नाही. पुतळ्याला माझा विरोध नाही, फक्त आधी घरच्यांना विचारा, पेन्शनचे आणि अनुकंपाचे कागद कुठे अडकलेत ते बघा, बऱ्याचदा ते आपल्याच एखाद्या टेबलावर असतात. आणि वर्गणी काढणार असाल तर पावती पुस्तक कोणाकोणाच्या दुकानात फिरतंय त्यावर लक्ष ठेवा.

बाकी साहेब आता रिटायर आहेत, दिवसभर मोबाईलवरच असतात, हे वाचतीलच. साहेब, तो हार मी घरी नेऊन पाण्यात टाकून बघितला होता. साधा लाकडाचा भुसा आणि वरून अत्तर. चंदनाचा नव्हता.