जांभई देताना जबडा कटकट वाजतो आणि कानापुढे दुखतं, कानाचे डॉक्टर म्हणतात कान ठीक आहे, मग हे काय?

बहुतेक जबड्याचा सांधा किंवा चावायचे स्नायू असणार. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा, हलतो तो सांधा, त्यात एक छोटी गादी असते आणि ती सरकली की कटकट होते. नुसता आवाज असेल, दुखत नसेल तर काही करू नका, खरंच.

दुखत असेल तर आधी दिवसभर दात एकमेकांवर दाबून ठेवताय का ते बघा, कारण टेन्शनमध्ये किंवा मोबाईल बघताना आपण ते नकळत करतो. ओठ मिटलेले पण दात सुटे, ही सवय लावा. काही दिवस ऊस, चिक्की, कडक भाकरी बंद, मऊ भात-खिचडी खा, गालाला गरम शेक द्या, जांभई आली की हनुवटीला खालून हात लावा. बऱ्याच जणांना एवढ्यानेच काही आठवड्यांत आराम पडतो. रात्री दात खात असाल तर डेंटिस्टकडून मापाचा नाईट गार्ड (रात्री दातांवर घालायचं प्लास्टिकचं कव्हर) करून घ्या, पण कोणी लगेच दात मशीनने झिजवून वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण बदलू म्हणालं तर थांबा, ते परत पूर्ववत होत नाही.

तोंडात तीन बोटं उभी मावत नसतील तर दाखवाच, त्यात गुटखा-सुपारी खात असाल तर उशीर नको. करंट बसल्यासारखी कळ येत असेल तर ते नसेचं दुखणं असू शकतं, न्यूरोलॉजिस्टकडे जा. आणि जबड्यासोबत छातीत दुखलं, घाम आला तर सरळ हॉस्पिटल गाठा.