किंमत काढायला गेलो आणि भेग दिसली

प्रश्न : मी सिव्हिल इंजिनिअर आहे आणि लातूरला एका बँकेच्या पॅनेलवर व्हॅल्युअर म्हणून काम करतो. गेल्या आठवड्यात कर्जासाठी एका दुमजली घराची पाहणी केली. बांधकाम १९९० चं. वरच्या खोल्या क्लासच्या पोरांना भाड्याने दिल्यात. छज्ज्याला खालून आडवी भेग आहे, गंजलेली सळई उघडी पडलीय. पोरांच्या बाथरूममध्ये गॅस गीझर आहे आणि खिडकी पत्रा ठोकून बंद केलेली. मालकाला बोललो तर म्हणाले, ‘‘साहेब, किंमत काढायलाव का आमचं घर पाडायलाव?’’ हे रिपोर्टात लिहू का? उद्या काही झालं तर मी अडकेन का?

उत्तर : लिहा. बँकेच्या नमुन्यात इमारतीची स्थिती आणि उरलेलं आयुष्य असे रकाने असतात. तिथे ‘सुस्थितीत’ लिहिलंत आणि सोबत जोडलेल्या तुमच्याच फोटोत तारखेसकट ती सळई दिसतेय, तर विरुद्ध बाजूच्या वकिलाला वेगळा साक्षीदार शोधावाच लागणार नाही. असे रिपोर्ट मी पाहिलेत.

मात्र दिसलं तेवढंच लिहा. ‘छज्जा धोकादायक आहे, पडेल’ हा निष्कर्ष झाला. तुम्हाला किंमत काढायला नेमलंय, प्लॅस्टर फोडून तपासायला नाही. ‘प्रवेशद्वारावरील छज्ज्याच्या तळाला अंदाजे चार फूट आडवी भेग, सळई उघडी व गंजलेली, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी आवश्यक’ एवढं पुरे. लांबी मात्र टेप लावून घ्या.

गीझरची गोष्ट वेगळी. त्याने घराची किंमत रुपयाने कमी होत नाही, म्हणून बरेच व्हॅल्युअर तिकडे बघतच नाहीत. पण बंद बाथरूममध्ये गॅस नीट जळाला नाही की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना वास, ना रंग. छज्ज्याआधी हाच जीव घेईल. मालकाला आजच लेखी कळवा. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८(अ) प्रमाणे, मालकाला ठाऊक असलेला पण भाडेकरूला सहज न कळणारा महत्त्वाचा दोष सांगणं मालकाचं कर्तव्य आहे. तुमचा मेसेज पोचला की ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणायची सोय संपली.

पोरांना सांगू का, असा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मनात असेलच. सांगा. गोपनीय आहे ते कर्ज आणि किंमत. ‘खिडकी उघडल्याशिवाय गीझर लावू नका’ यात कोणाचं गुपित फुटत नाही.

आता महापालिका. पडायला आलेल्या बांधकामाबाबत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली आयुक्त नोटीस काढू शकतात. शिवाय कलम २६५अ नुसार तीस वर्षं उलटलेल्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घेणं मालकावर बंधनकारक आहे. हे घर त्यात बसतं; १९९३ चा किल्लारीचा भूकंपही त्याने सोसलाय, हे मालकाच्या लक्षात आणून द्या. पण एवढ्यावरून लगेच महापालिकेत तक्रार घेऊन पळू नका. आधी बँकेला रिपोर्ट, मालकाला पत्र आणि आठ-दहा दिवस. तुकडे पडायला लागले असतील तर मात्र एक दिवसही थांबू नका. नोंदणीकृत व्हॅल्युअरच्या २०१७ च्या नियमांतली आचारसंहितासुद्धा कायदेशीर किंवा व्यावसायिक कर्तव्य असेल तिथे माहिती उघड करायला मोकळीक देते. ते नियम मुळात कंपनी कायद्याखालचे, पण तुमच्या बाजूने दाखवायला चांगला आधार आहे.

अडकाल का? निष्काळजीपणाने मृत्यू, भारतीय न्याय संहिता कलम १०६, याचा रोख आधी मालकावर जाईल. कारखान्याच्या आगीत कामगार दगावल्याच्या कुर्बान हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ सालीच सांगितलंय की मृत्यूचं थेट आणि निकटचं कारण आरोपीचंच कृत्य असलं पाहिजे. भेग तुम्ही पाडली नाही, त्यामुळे या कलमाची भीती फार नको. दिवाणी बाजू मात्र नाजूक आहे. डोळ्यांना दिसणारा दोष लपवलात तर बँक पॅनेलवरून काढेल आणि नुकसान झालं तर भरपाईही मागेल. शेवटी बारीक टायपात ‘आमची कोणतीही जबाबदारी नाही’ छापून सुटका होत नाही. त्याच २०१७ च्या नियमांत म्हटलंय की असा खुलासा जबाबदारी टाळण्यासाठी वापरायचा नाही.

मालकाला असं पाठवा : ‘‘नमस्कार. पाहणीवेळी छज्ज्याला भेग व उघडी सळई आणि वरच्या बाथरूममध्ये हवा खेळायला जागा नसताना गॅस गीझर दिसला. गीझर आजपासून बंद ठेवावा, छज्ज्याखालून ये-जा थांबवावी, इंजिनिअरकडून तपासून घ्यावे. फोटो सोबत.’’ किमतीचा शब्द त्यात नको. पाठवल्याचा स्क्रीनशॉट फाइलला लावा.