गोव्यात विकेंडला येतोय. म्हापशाच्या बाजारात एक सकाळ घालवण्यासारखं आहे का, की नुसतं टुरिस्ट लोकांसाठी आहे?

आहे की, पण शनिवार-रविवार धरून येणार असाल तर गुरुवारीच मुक्कामाला या, कारण म्हापशाचा खरा बाजार शुक्रवारचा. इतर दिवशी पण मार्केट असतं, पण ते आपलं रोजचं. शुक्रवारी मात्र पेडण्याकडून, डिचोलीकडून आणि आमच्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-बांद्याकडून बायका सकाळच्या गाडीने टोपल्या घेऊन येतात आणि मिळेल त्या जागेत फतकल मारून बसतात, परसात जे काय झालं ते समोर मांडून, म्हणजे चार नारळ, एक फणस, पाच-सहा जुड्या भाजी, बस. बघायचं असेल तर हेच बघा.

बाहेरच्या बाजूला कपडे, बॅगा आणि काजूची चकचकीत पाकिटं दिसतील, तिथे टाइम घालवू नका, ते कळंगुटला पण मिळतं. सरळ आत शिरा. केळ्यांची वेगळी लाइन आहे, तिथे मयड्याची (म्हापशाजवळचं गाव) केळी मागा, लांब जाड असतात आणि त्यांचा हलवा करतात. एप्रिल-मेमध्ये येत असाल तर मानकुराद आंबा. किलोवर नाही, डझनावर मिळतो आणि सिझनच्या सुरुवातीला भाव ऐकून घाम फुटतो, मे अर्धा झाला की जरा माणसात येतो. हापूसवाले भांडतील माझ्याशी, पण माझं मत मानकुरादलाच.

खरं सांगायचं तर मेमधला शुक्रवार सगळ्यात भारी. तेव्हा पावसाळ्याची बेगमी चालते, तिला गोव्यात पुरुमेंत म्हणतात. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, ताजी मासळी कमी नि महाग, म्हणून लोक आधीच सुके बांगडे, सुकी सुंगटं (कोलंबी), गालमो (आपला जवळा हो), सोलं (आमसुलं), चिंच, मिठागराचं जाडं मीठ, कांद्याच्या माळा असं सगळं भरून ठेवतात. हरमलची मिरची पण तेव्हाच घ्यायची. आता फ्रीज आहेत, बाराही महिने सगळं मिळतं, तरी आमच्याकडच्या बायकांना मे महिन्यात हे घरात आल्याशिवाय चैन पडत नाही. पावसात आलात तर बाजार वेगळाच असतो, फागलां (करटुली), तायकिळा (टाकळा) आणि नशीब असेल तर वारुळावरची अळमी, म्हणजे रानातली मशरूम, ती येतात तशी संपतात. आणि चवथीच्या आधी माटोळीचं सामान, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची रानातली फळं-पानं, त्यातली निम्मी मला पण ओळखता येत नाहीत.

मांसाहारी असाल तर चोरीस घ्याच, डुकराच्या मांसाचं सॉसेज, मसाला-व्हिनेगर लावून सुकवलेलं, माळेसारखं टांगलेलं दिसेल. कच्चं खायचं नाही हां, कांदा-बटाट्याबरोबर नीट शिजवायचं, आणि मीठ शेवटी चव बघूनच. नेताना दोन-तीन पिशव्यांत गच्च बांधा नाहीतर वासाने ट्रेनचा अख्खा डबा तुमच्याकडे बघणार. माडाचा काळा गूळ आणि माडाचं व्हिनेगर हे पण नेण्यासारखं.

नाश्ता हॉटेलवर करून येऊ नका. बाजाराच्या आसपास कुठल्याही साध्या हॉटेलात पातळभाजी नि पाव मागा, किंवा मिक्स भाजी, सोबत मिरची भजी. आठच्या सुमारास पोचा, अकरानंतर ऊन आणि गर्दी दोन्ही अंगावर येतं.

भाव करायचा का? कपडेवाल्यांशी खुशाल करा. टोपलीवालीशी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका, ती उलट दोन लिंबं वर टाकेल. भाषेचं टेन्शन नको, मराठी सगळ्यांना कळते, निम्म्या तर आमच्याच तालुक्यातल्या.

मुंबईहून ट्रेनने येताय ना, मग थिवीला उतरा, मडगावला नको, थिवीहून म्हापसा जवळ पडतं. पणजीत राहणार असाल तर कदंबची (गोव्याची सरकारी) बस घ्या, अर्ध्या-पाऊण तासात येते आणि स्टँड बाजाराला लागूनच आहे. भाड्याची कार घेऊन शुक्रवारी येण्याच्या भानगडीत पडू नका, पार्किंग शोधण्यातच सकाळ जाईल.